दुसऱ्या मशीनवरचा घोडा

लेकीच्या फोटोला चौकट करायला बाबल मेस्त्रींनी देव्हाऱ्यांची नक्षी कापायची मशीन चालू केली, तशी बायको धावत आली.

“अहो, या देवांच्या मशीनला पोरीला कधी हात तरी लावू दिलात का? तिची चौकट खेळण्यांच्याच मशीनवर करा.”

पोर गेल्यापासून मेस्त्री त्या दुसऱ्या मशीनकडे फिरकले नव्हते. तिथे पात्यात लाकडी घोडा अडकून होता, तीनच पाय कोरून झालेला. “बाबा, चौथा पाय कधी?” पोर रोज विचारायची. “देव्हारा होऊ दे गं, गिऱ्हाईक खोळंबलंय,” मेस्त्री म्हणायचे.

देव्हारा गिऱ्हाइकाच्या घरी पोचला, त्याच दिवशी पोर तापाने गेली.

घोडा काढल्याशिवाय चौकट कापता येणार नव्हती. मेस्त्रींनी आधी चौथा पाय पुरा केला.