जोडीचा फॉर्म

"निळ्या अक्षरांवर बोट ठेवा, गुरुजी. ठेवलं?"

"ठेवलं जी."

"आता दाबा."

"दाबलं. काहीच नाही होऊन राहिलं."

सत्यवतीने कपाळावर हात मारला. दुपारचे चार. धनीराम गुरुजींचा फोन चारलाच यायचा, एक दिवस चुकेल तर शपथ! मोहाडीच्या भाड्याच्या खोलीत ती सकाळपासून मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून तिसरीच्या पोरांना भागाकार शिकवत होती. पटावर बावीस, हजर सहा, त्यातली दोन मध्येच गायब. ओरडून ओरडून घसा बसला होता. आणि वर हे रोजचं लचांड.

पावसाळ्याच्या तोंडी केंद्रप्रमुख केशवरावांनी शिक्षकांच्या जोड्या लावल्या होत्या. शाळा बंद, शिकवणं फोनवर, कोरोनाने माणसं पिचलेली. तर एकमेकांची खबरबात ठेवायची आणि रोज एक फॉर्म भरायचा. सरकारी माया म्हटली की फॉर्म आलाच. जेवलात का, झोपलात का, घराबाहेर पडलात का. सत्यवतीच्या वाट्याला आंधळगावचे धनीराम गुरुजी आले. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली.

"त्यायले सांभाळून घ्या, मॅडम," केशवराव म्हणाले होते.

आणि मले कोण सांभाळून घेईल, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. नवरा, कैलाश, एप्रिलच्या लाटेत गेला. घरात दुसरं कोणी नव्हतं. त्याची चप्पल अजून दाराशी होती आणि ती उचलायची ताकद तिच्यात नव्हती.

"मॅडम, हाय का जी?"

"आहे, आहे."

"तुम्ही आपला भरून दाखवा. मंग मी तसाच भरतो."

रोज हेच. तिने फॉर्म उघडला. पहिला प्रश्न, आज जेवण झालं का. तिने 'नाही' दाबलं. फॉर्म फिरून पहिल्याच प्रश्नावर आला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. आधी असं होत नव्हतं. पोळ्याच्या आठवड्यात लिंक बदलली. ती गुरुजींनीच तिला पाठवली होती, "हे काय नवीन आलं जी, मले तर समजून नाही राहिलं," म्हणत. तेव्हापासून या मेल्या फॉर्मला 'नाही' चालेनासं झालं होतं.

"'होय' दाबून मोकळी होते," ती वैतागून म्हणाली.

"खोटं कायले लिहता जी? सरकारी कागद हाय. तुम्ही जेवून घ्या. मी थांबतो ना."

"गुरुजी, मले भूक नाही."

"मले घाई नाही."

असला चिवट माणूस! तिने सकाळचा भात ताटलीत काढला, त्यावर वरण ओतलं. फोन समोर ठेवून जेवली. पलीकडून गुरुजी धान आडवं पडल्याचं सांगत होते, तलावावर यंदा पाखरं लवकर उतरल्याचं सांगत होते. मग 'होय'. मग झोपेचा प्रश्न. मग घराबाहेरचा. त्यासाठी पायात चप्पल सरकवून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन यावं लागलं, फोन कानाला लावून.

"आता समजलं का गुरुजी?"

"थोडं थोडं समजून राहिलं. उद्या एकदा दाखवा जी."

फोन ठेवल्यावर ती भिंतीला टेकून बसली. तिला रडू आलं, रागही आला. किती दिवस एकाच गोष्टीची घोकंपट्टी करायची? आता सोसवत नव्हतं. राजीनामा लिहून आठवडा झाला होता. तुमसरचा भाऊ मंगेश म्हणत होता, ये इकडे, पडून राहा एका खोलीत. तिलाही तेच हवं होतं, पडून राहणं. बारा वर्षांची नोकरी एका कागदात संपणार होती. अडलं होतं फक्त गुरुजींवर. त्यांना एकदा लिंक उघडता येऊ दे, मग देते, असं ती रोज ठरवत होती. पण त्या माणसाला या जन्मात काही ते जमेल असं दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्ग संपल्यावर ती कागद घेऊन तालुक्याच्या कार्यालयात गेली. केशवराव तिथेच मीटिंगला बसले होते. बाहेर संगणकावर काम करणाऱ्या प्रविणने कागद वाचला आणि तिच्याकडे पाहिलं.

"मॅडम, खरंच?"

"खरंच. थकली मी आता."

"बसा. सर निघतीलच पाच मिनिटात."

ती बसली. तरी जिवाला चैन पडेना.

"प्रविण, एक करजो. माझ्या जोडीदाराले दुसरं कोणी द्या. म्हातारा माणूस आहे, चिडणारं नको. रोजचा फॉर्म त्यायच्यानं एकट्यानं नाही भरणार."

"कोणता फॉर्म?"

"जोडीचा रे. रोजचा."

"तो तर पोळ्यालेच बंद झाला, मॅडम."

"बंद कसा? काल भरला मी."

तिने मोबाइलवर फॉर्म उघडून त्याच्या हातात दिला. प्रविणने 'नाही' दाबलं. पहिलाच प्रश्न परत आला. त्याने पुन्हा दाबून पाहिलं आणि डोकं खाजवलं.

"हा आमचा नाही जी. आमच्यात 'नाही' चालत होतं. पण बनवायची पद्धत ओळखीची हाय. आमच्या साऱ्या तालुक्याच्या लिंका तेच तर बनवून देतात."

"कोण?"

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले आणि प्रविणच्या हातातला तिचा मोबाइल वाजू लागला. त्याने पडद्यावरचं नाव वाचलं आणि मोबाइल तिच्यापुढे धरला.

"घ्या, त्यायलेच विचारा. धनीराम गुरुजी."