नाव न लिहिता

वाचा-श्रवण विभागाचे आमचे सर शिकवत होते. "लिहून घ्या. ऐकू कमी येणारा माणूस ते कधीच कबूल करत नाही. तो म्हणतो, हल्लीची पोरं नुसती पुटपुटतात." मग त्यांनी प्रोजेक्ट दिला. रोजच्या बघण्यातला असा एक माणूस निवडायचा, पंधरा दिवस गुपचूप त्याचं निरीक्षण करायचं आणि नाव न लिहिता अहवाल द्यायचा. इंटर्नशिप याच मार्कांवर मिळणार होती.

अहवाल वाचून सर वर्गात आले ते तणतणतच.

"बत्तीस पोरं आणि पेशंट एकच? वय साठीच्या आसपास, उजवा कान पुढे करतो, कळलं नाही तरी 'हो हो' म्हणतो! कॉपी करायला लाज नाही वाटत? सगळ्यांना शून्य!"

पहिल्या बाकावरची आमची टॉपर धीर करून उठली. "सर, कुणीच कॉपी केली नाही. आम्ही सगळे रोज त्यांनाच बघतो."



"हो हो," उजवा कान पुढे करत सर म्हणाले, "पण आधी नीट बोलायला शिक. हल्लीची पोरं नुसती पुटपुटतात!"