आधणात मीठ

“अळणी!” नागूबाय ओरडली आणि ओटीवर जमलेल्या आख्ख्या आळीने टाळ्या पिटल्या.

पण ते नंतर. आधी चुलीवर आधण होतं, आणि भाग्यश्रीच्या छातीत त्याहून मोठी उकळी फुटत होती. वडखळच्या पलीकडे, खाडीकाठच्या या गावात आज पहिल्यांदा नळाला पाणी आलं होतं. पाणी गोडं आहे असं सगळे म्हणत होते. तिची सासू नागूबाय मात्र चाखायलाही तयार नव्हती.

“जीभ फसते, भात नाय फसत. शिजू दे, मंग बघू.”

इथला भात विहिरीच्या पाण्यात शिजायचा आणि ते पाणीच खारं, म्हणून आधणात मीठ कोणीच टाकत नसे. बारा वर्षांपूर्वी रोह्याहून लग्न होऊन आलेल्या भाग्यश्रीने पहिल्याच दिवशी आईच्या सवयीने टाकलं होतं, आणि तो भात कोंबड्यांनीही चोचीत घेतला नव्हता. तेव्हापासून सासूचा टोमणा ठरलेला: “तुज्या आयेनं तुला रांदायला नाय शिकवलं.”

आजही तिचा हात मिठाकडे गेला नाही. भात शिजला. नागूबायने एक घास घेतला, डोळे मिटून चघळला, आणि ओरडली.

टाळ्या थांबेनात. त्या गलक्यातच सासू सुनेच्या कानाशी आली.

“रोह्याला फोन लाव गो. तुज्या आयेला इचार, आधणात मीठ किती टाकायचं.”