उन्हातलं घरटं

धरणावरच्या पक्ष्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं होतं आणि सगळी गर्दी एकाच फोटोपुढे होती. रणरणत्या उन्हात एक बगळी पंख पसरून उभी होती. तिच्या पंखांच्या सावलीत दोन पिल्लं चोची वासून बसली होती. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘आई’.

फोटोग्राफर छाती फुगवून शेजारी उभा होता. त्याची बायको जरा मागे, भिंतीला टेकून होती.

"पण हिनं असं भर उन्हात, उघड्यावर घरटं का बांधलं असेल हो?" एका आजींनी विचारलं.

"पाखराची जात ती, आजी," तो हसला. "तिला कुठून असणार एवढी अक्कल!"

"अक्कल होती तिला," बायको मागूनच म्हणाली. "उंच गवतात, चांगल्या आडोशाला बांधलं होतं तिनं. फोटोत गवत आड येत होतं, म्हणून ह्यांनी होडीतून उतरून ते कापून काढलं."

आजींनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि तिथून काढता पाय घेतला. हळूहळू बाकीचेही पांगले.

गाडीत बसताच तो फणकारला, "चारचौघांत मला उघडं पाडलंस! काही वाटलं नाही तुला?"

"उघडं पडूनही तुम्हाला काही धाड भरली नाही," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "त्या पिल्लांना त्याच संध्याकाळी घारीनं उचललं."