रडूबाईचं चित्र

डॉक्टरांनी आशा सोडलेली लेक आपल्या पायांनी चालत दवाखान्याबाहेर आली, तशी पाट्या रंगवणाऱ्या बाबांच्या डोळ्यांना धार लागली.

"झालं सुरू. इंग्रजीत शब्द आहे तुमच्यासाठी, बाबा. मॉडलिन. म्हणजे उठसूट रडणारी रडूबाई."

"कुठून आला गं?"

"बायबलातल्या मॅग्दलीन नावाच्या बाईवरून. तिच्या जिवाचं माणूस गेलं, म्हणून थडग्यापाशी रडत होती. चित्रकारांनी तिला कायम रडतानाच रंगवली."

"पुढे?"

"मागे वळून बघते, तर तेच माणूस जिवंत उभं."

"मग थांबली रडायची?"

"ते नाही माहीत."

बाबांनी रंगाने माखलेल्या बाहीने डोळे पुसले. ते पुन्हा भरले.

"ते चित्र ती मागे वळल्यानंतरचं असणार, बाळा."