दोन बोटं कापड

भावाच्या लग्नाला चार दिवस उरले होते आणि करवली मृण्मयीला जुना ब्लाउज पुन्हा अगदी मापात बसला होता. "महिन्यात सहा किलो उतरले! दृष्टच काढायला हवी," तिची आई वृषाली म्हणाली.

मृण्मयीनं आरशाकडे पाहिलंही नाही.

तिच्या दंडात तांदळाएवढी कुपी होती. उदासीवरचं औषध ती थेंबाथेंबानं रक्तात सोडायची. मात्रा बदलायची तर घरातल्या कुणाचा तरी अंगठा तिथे टेकवावा लागे. खचलेल्या माणसानं हा निर्णय एकट्यानं घेऊ नये, म्हणून. औषधानं वजन वाढतं, फोटोत पोर जाड दिसेल, म्हणून महिन्यापूर्वी वृषालीनंच मात्रा निम्मी करायला अंगठा दिला होता. डॉक्टरांना विचारलं नव्हतं.

"आई, मी लग्नाला नाही आले तर चालेल?" मृण्मयी म्हणाली. "दादाचं लग्न आहे, तरी मला काहीच वाटत नाहीये गं."

वृषालीनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "वजनाचं आपण बघू, ताई. दुसरं औषधही आहे. पण मला विचारायचं तरी होतं! मात्रा पुन्हा होती तेवढी करू, तुम्ही अंगठा द्या."

वृषालीनं लेकीच्या दंडावर अंगठा टेकवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

मग ब्लाउज उलटा करून ती कुशीची शिलाई उसवत बसली. आत दोन बोटं कापड होतं. माणसाचं अंग कमीजास्त होतं, म्हणून तिनंच शिंप्याला ते बजावून सोडायला लावलं होतं.