चार नंबरचं मशीन

मॅनेजरसाहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, तेव्हाच मला संशय आला. नऊ वर्षांत त्यांच्या केबिनमध्ये मी कायम उभीच राहिले होते.

उत्पादन वाढावं म्हणून साहेबांनी चार नंबरच्या प्रेस मशीनचं हात वाचवणारं गार्ड काढून ठेवायला लावलं, त्यात माझ्याबरोबर काम करणाऱ्या निलोफरची दोन बोटं गेली. मी कारखाना निरीक्षकांकडे लेखी तक्रार केली. "तक्रार केली म्हणून तुम्हाला काढता येणार नाही," कामगार कार्यालयातल्या बाई म्हणाल्या होत्या, "म्हणून ते दुसरं कारण शोधतील. वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका." तेव्हापासून कुणी चहा दिला तरी मी आधी देणाऱ्याचं तोंड निरखते.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. "काही नाही ताई, जुना मेमो आहे, द्यायचा राहून गेला. मिळाला म्हणून सही करा."

मी एकेक ओळ वाचली. अकरा ऑक्टोबरला, म्हणजे माझ्या तक्रारीच्याही आधी, चार नंबरचं मशीन निष्काळजीपणे चालवून मी साचा तोडला होता म्हणे! मग पुन्हा तारीख वाचली.

त्या दिवशी खंडेनवमी होती. पूजेसाठी सगळी मशीनं बंद होती. चार नंबरला झेंडूचा हार घालून साहेबांनीच नारळ वाढवला होता आणि तो फोटो कंपनीच्या ग्रुपवर त्यांनीच टाकला होता.

'मिळाला' एवढंच लिहून मी सही केली. खाली आजची तारीख घातली.

"साहेब, याची एक प्रत द्या," मी म्हटलं, "आणि तिच्यावर कंपनीचा शिक्का मारा."